बेंजो

परवा नातवाने एक अमेरिकन बँड ऐकवला. ऑलमन ब्रदर्स बँड. १९६९ साली फ्लोरिडात जमलेली आणि पुढे जॉर्जियातल्या मेकन गावी बिऱ्हाड केलेली ही मंडळी. सहा जण, त्यात दोन गिटारवाले नि दोन ड्रमवाले. पाच गोरे, एक ड्रमवाला काळा. काळ्यांचे ब्लूज, गोऱ्या खेडुतांचे कंट्री आणि वर जॅझ, सगळे एकाच पातेल्यात.

"आबा, याला काय म्हणाल?" त्याने विचारले.

"बेंजो पार्टी!" मी म्हणालो. तो हसला. मला मात्र जुनी गोष्ट आठवली.

आमच्या पनवेलच्या आसपास, आगरी-कोळी गावांत, हळद असो की गणपती, बेंजो पार्टी हवीच. या बेंजोचे अमेरिकेतल्या बॅन्जोशी नाते फक्त नावाचे. तिकडचा बॅन्जो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांतून घडला. आपला बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणे बसवून तो तयार केला. आपल्याकडे तो बुलबुल तरंग झाला. मग आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, टेम्पोवर भोंगे चढवले, जोडीला ढोल-ताशा घेतला, नंतर कॅसिओ आणि ऑक्टोपॅडही आला. त्यावर कोळीगीते वाजू लागली, सिनेमाची गाणी वाजू लागली.

मी इतिहास शिकवायचो. १९८६ च्या सुमारास नववीत एक मुलगा होता. गणपतीत रात्रभर बेंजो वाजवून वर्गात पेंगायचा. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले आणि म्हणालो, "हा धांगडधिंगा आपल्या संस्कृतीत बसत नाही." तो काहीच बोलला नाही. स्नेहसंमेलनात वाजवणार होता, त्यातूनही त्याने नाव काढून घेतले.

आता वाटते, कोणत्या तोंडाने बोललो मी? माझ्या घरच्या भजनाला पेटी होती. ती तर युरोपातून आलेली. याच पेटीवर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली होती, ती पुढे कित्येक वर्षे टिकली. व्हायोलिनही परकेच. वर्गात मी शिकवायचो की संस्कृती देवघेवीतून वाढते, आणि समोर ती देवघेव पेंगत उभी होती, ती मला ओळखता आली नाही.

मागच्या विसर्जनाला वडाळे तलावाच्या वाटेवर एक टेम्पो थांबला. पन्नाशी उलटलेला एक माणूस उतरून पाया पडला. तोच. आता त्याचा मुलगा बेंजो वाजवतो. मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो रे."

तो म्हणाला, "जाऊ द्या सर. पण एक विचारू? तेव्हा तुम्ही आमचं ऐकलं होतं का?"

नव्हते ऐकले. खिडकी लावून घ्यायचो.

त्याने पोराला खूण केली. पोराने मिरवणुकीचे गाणे थांबवून धवला धरला, आमच्याकडे लग्नात धवलारीण म्हणते तो. जपानी बटणांवर. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तो पुरता ऐकला. पस्तीसेक वर्षे उशीर झाला, एवढेच.