भिंत, खडू आणि अर्धा सेकंद

बोटांना खडूची भुकटी लावायची, भिंतीला खांदा टेकवून हात पोचेल तिथे एक ठसा उमटवायचा आणि जागच्या जागी उडी मारून दुसरा. दोन ठशांमधले अंतर मोजले की झाली उडी. हार्वर्डच्या व्यायामशाळेचे अनेक वर्षे संचालक असलेल्या डडली सार्जंट यांनी उभ्या उडीची चाचणी १९२१ साली मांडली. खडू-भिंतीची ही रीत त्याच घराण्यातली.

शारीरिक क्षमता मोजण्याच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना वाटते, यात शिकायचे ते काय? खरी गंमत इथेच आहे. पहिला ठसा उमटवताना मुलाने थोडे अंग चोरले, खांदा पुरता वर नेला नाही, तर उडी न वाढताच आकडा वाढतो. चटईखालच्या विद्युत-घड्याळालाही फसवता येते. तिथे पाय जमिनीपासून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मोजून उंची काढतात: अर्ध्या सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर. उतरताना गुडघे दुमडून ०.०५ सेकंद जास्त हवेत राहिलात, तर तीच उडी ३७ सेंटिमीटरची होते! हात झुलवले की नाही, आधी झपकन खाली बसून उसळी घेतली की बसल्या जागी थांबून, हेही लिहून ठेवावे लागते. नुसता आकडा अनाथ असतो.

वजनाचेही तसेच. ५५ आणि ८० किलोंचे दोन तरुण ४० सेंटिमीटरच उडाले, तरी दुसऱ्याने जवळपास दीडपट काम केलेले असते.

आणि उडी म्हणजे तंदुरुस्ती नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच हार्वर्डमध्ये पायरी-चाचणी घडली: २० इंची पायरी, मिनिटाला ३० चढ-उतार, पाच मिनिटे, मग नाडी. उडीत स्नायूंचा स्फोट दिसतो, पायरीवर दमसास. एकात पहिला आलेला दुसऱ्यात मागे पडला तर चाचणीला दोष देऊ नये. मल्लखांबावरची पकड आणि तोल तर या दोन्हींच्या हाती लागत नाहीत.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक करा. खडू घेऊन भिंतीपाशी जा, तीनदा उडी मारा आणि तिन्ही आकडे या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहा. पायात बूट होते की नव्हते, तेही लिहायला विसरू नका.