हवाईचा प्रश्न आणि दोन अध्यक्ष

१७७६ सालीं इंग्रजांचें जूं झुगारून देऊन जें राष्ट्र जन्मास आलें, त्याच राष्ट्रानें सव्वाशें वर्षांच्या आंत दुसऱ्यांच्या भूमीवर आपला अंमल बसवावा, हा इतिहासांतील एक चमत्कारिक प्रकार होय. तो कसा घडला हें समजून घेण्यास हवाई बेटांच्या प्रकरणासारखें दुसरें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल. कारण एकच प्रश्न तेथें थोडक्या वर्षांच्या अंतरानें दोन अध्यक्षांपुढें आला, आणि दोघांनीं त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं.

१८६५ सालीं यादवी युद्ध संपल्यावर अमेरिकेंत उद्योगधंद्यांची वाढ झपाट्यानें झाली. १८६९ मध्यें पूर्वेकडील लोहमार्ग कॅलिफोर्नियाच्या लोहमार्गास जाऊन मिळाला, पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि मालास व भांडवलास देशाबाहेर वाट हवी असें पुष्कळांस वाटूं लागलें. हवाई हें त्या काळीं स्वतंत्र राज्य होतें. तेथील उंसाचे मळे बव्हंशीं अमेरिकन व युरोपीय वंशाच्या लोकांच्या हातीं होते, आणि १८७५ च्या तहान्वयें तेथील साखर अमेरिकेंत जकातीवांचून जात असे. पुढें १८९० सालीं ओहायोचे प्रतिनिधि विल्यम मॅकिन्ले यांच्या नांवानें ओळखला जाणारा जकातीचा कायदा झाला. त्यानें सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरील जकात काढून टाकिली व स्वदेशीं पिकणाऱ्या साखरेस पौंडामागें दोन सेंट बक्षीस ठेविलें. हवाईची सवलत एका फटक्यासरशीं निरर्थक झाली. बेटें अमेरिकेंत सामील झालीं तरच निभाव लागेल, असें मळेवाल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत येऊं लागलें.

१८९३ च्या जानेवारींत राणी लिलिउओकलानी यांनीं मूळ रहिवाश्यांचे हक्क वाढविणारी नवी राज्यघटना आणण्याचें मनांत घेतलें, तें निमित्त झालें. अमेरिकन वकील स्टीव्हन्स यांच्या सांगण्यावरून 'बोस्टन' या युद्धनौकेवरील शिपाई होनोलुलूंत उतरले. आणि १७ जानेवारीस मूठभर गोऱ्या पुढाऱ्यांनीं राणींस पदच्युत करून हंगामी सरकार स्थापिलें. रक्तपात टळावा म्हणून राणींनीं निषेध नोंदवून, अमेरिकन सरकारच्या न्यायबुद्धीवर हवाला ठेवून, सत्ता सोडली. अध्यक्ष हॅरिसन यांनीं सामिलीकरणाचा तह फेब्रुवारींत सेनेटपुढें ठेविला; पण त्यांची मुदत संपत आली होती.

४ मार्च रोजीं ग्रोव्हर क्लीव्हलंड अध्यक्ष झाले. त्यांनीं थोड्याच दिवसांत तो तह परत मागविला आणि जेम्स ब्लाउंट यांस चौकशीस पाठविलें. चौकशीअंतीं, डिसेंबरांत काँग्रेसला पाठविलेल्या संदेशांत, त्यांनीं स्वच्छ सांगितलें कीं अमेरिकन शिपायांच्या साहाय्यावांचून ही राज्यक्रांति झाली नसती, आणि एका दुबळ्या मित्रराष्ट्राचा यांत अपराध झाला आहे. राणींस गादी परत द्यावी असें हंगामी सरकारास कळविण्यांत आलें; त्या सरकारचे प्रमुख डोल यांनीं साफ नकार दिला. सैन्य वापरण्यास क्लीव्हलंड धजले नाहींत. मात्र १८९४ च्या उन्हाळ्यांत रेल्वे-संप मोडण्यासाठीं, तेथील गव्हर्नरांचा विरोध असतां, शिकागोस सैन्य धाडण्यास त्यांनीं मागेंपुढें पाहिलें नाहीं! त्यांच्या न्यायबुद्धीला अशी मर्यादा होती. तरी अन्यायाचें फळ त्यांनीं पदरांत घेतलें नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

१८९३ च्या आर्थिक अरिष्टानें बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या, आणि परदेशी बाजारपेठांचा मोह वाढला. १८९६ मध्यें मॅकिन्ले अध्यक्ष निवडून आले. १८९७ मध्यें सामिलीकरणाचा नवा तह झाला, तेव्हां हवाईच्या एकवीस हजारांहून अधिक लोकांनीं त्याविरुद्ध सह्यांचा अर्ज केला. सेनेटमध्यें दोनतृतीयांश मतें जमेनात. परंतु पुढल्या वर्षीं स्पेनशीं युद्ध जुंपलें. १ मे १८९८ रोजीं मनिलाच्या उपसागरांत स्पॅनिश आरमार बुडालें, आणि त्या वाटेवर कोळसा घेण्यास हवाई आवश्यक, असें ठरलें. तहाऐवजीं दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणून साध्या बहुमतानें काम भागविण्यांत आलें. ७ जुलै रोजीं मॅकिन्ले यांनीं त्यावर सही केली.

एकदां उंबरठा ओलांडल्यावर पुढचें पाऊल अवघड राहिलें नाहीं. डिसेंबरांतील पॅरिसच्या तहानें पोर्तो रिको, ग्वाम व, दोन कोटी डॉलर मोजून, फिलिपाईन्स हातीं आलें. फिलिपिनो लोकांनीं जूनमध्येंच स्वातंत्र्य पुकारलें होतें. त्यांच्याशीं १८९९ पासून जें युद्ध झालें त्यांत चार हजारांवर अमेरिकन शिपाई मेले, आणि युद्ध, दुष्काळ व रोगराई यांनीं सुमारें दोन लाख फिलिपिनो रयत दगावली असा अंदाज आहे. निवृत्त क्लीव्हलंड यांनीं मार्क ट्वेन व कार्नेगी यांच्याप्रमाणेंच या धोरणास विरोध केला.

मॅकिन्ले कांहीं क्रूर पुरुष नव्हते. यादवी युद्ध त्यांनीं शिपाई म्हणून पाहिलें होतें, आणि स्पेनशीं लढण्यास ते प्रथम नाखूषच होते. ब्लाउंट यांचा अहवालहि दप्तरांत होताच. फरक इतकाच कीं, वस्तु आपल्या हातीं कोणत्या मार्गानें येत आहे असें क्लीव्हलंड यांनीं विचारलें, आणि ती आपल्या किती उपयोगाची आहे असें मॅकिन्ले यांनीं विचारलें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नेहमींच सोपें असतें.

१९५९ मध्यें हवाई हें अमेरिकेचें पन्नासावें संस्थान झालें. १९९३ सालीं, बरोबर शंभर वर्षांनीं, काँग्रेसनें ठराव करून मूळ रहिवाश्यांची क्षमा मागितली व अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यावर सही केली. क्लीव्हलंड यांनीं १८९३ मध्यें जें सांगितलें होतें, तेंच त्या ठरावानें मान्य केलें. गेलेल्या जमिनींच्या हक्काचा निकाल मात्र त्यानें लाविला नाहीं.