खाटांच्या हिशेबात न बसणारे किल्लारी

रुग्णालय व्यवस्थापनाच्या वर्गांत एक मत आता जवळजवळ गृहीतच धरले जाते. भारतीय आरोग्यसेवेचे खरे दुखणे पैशाचे नाही, डॉक्टरांचेही नाही, व्यवस्थापनाचे आहे. कारखान्याची शिस्त रुग्णालयात आणा, बाकीचे आपोआप जमेल. पुरावा म्हणून मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय हमखास पुढे केले जाते. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये 11 खाटांवर ते सुरू केले, 1993 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केस लिहिली, आणि तेव्हापासून ती वाचून एमबीए होणाऱ्यांची रांग थांबलेली नाही.

पूर्वपक्ष कच्चा नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधी ठरवता येते, बहुतेक वेळा एकीसारखी दुसरी असते. सर्जन या टेबलावरून त्या टेबलाकडे वळेपर्यंत पुढचा रुग्ण तयार असतो. ऐन वेळी टाक्यांचा दोरा संपलेला किंवा जनरेटरमध्ये डिझेल नसलेले ज्याने पाहिले आहे, तो व्यवस्थापनाला नावे ठेवणार नाही. आक्षेप वेगळा आहे. जे काम मोजता येते त्यावरून काढलेला निष्कर्ष सगळ्या आरोग्यसेवेला लावला जातो.

त्याच 1993 सालच्या 30 सप्टेंबरला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. माणसे त्याखाली गुदमरली, जी निघाली त्यांचे हातपाय आणि मणके मोडलेले होते. ज्यांनी त्यांना पहिल्यांदा बाहेर काढले ते बहुतेक शेजारपाजारचेच लोक होते. कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत त्यांचे काम येत नाही, आणि नोंदवही हेच ज्याचे साधन, त्या संशोधनालाही ते दिसत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा त्या पहाटेचा नाही, नंतरच्या वर्षांचा आहे. समजा, मणक्याला मार लागून कमरेखाली लुळी पडलेली एखादी बाई घरी आली. रुग्णालयाच्या लेखी ती 'डिस्चार्ज' झाली, खाट मोकळी झाली, आकडा सुधारला. घरी मात्र तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते; नाही तर पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात आणि त्यातच माणूस जातो. जुन्या गावात हाकेच्या अंतरावर भावकी होती. नव्या गावठाणात आखीव रस्ते आणि सुटे सुटे प्लॉट आले, 52 गावे अशी नव्याने वसली. भूकंपात टिकेल असे घर मिळाले हे खरेच. पण दुपारी तिला वळवायला कोण येणार, हा प्रश्न आराखड्यात कुठल्या रकान्यात लिहायचा होता?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे व्यवस्थापन त्याच पट्ट्यात घडले, फक्त ते एमबीएच्या वर्गातून आले नाही. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना गावातल्या आरोग्याच्या कामासाठी 'भारत वैद्य' म्हणून तयार केले. घरांच्या दुरुस्तीत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून बायकाच उभ्या केल्या. निवड, प्रशिक्षण, देखरेख, हिशेब, सगळे होते. याला व्यवस्थापन म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाला अर्थच काय? आणि गंमत म्हणजे अरविंदचेही तेच आहे. त्यांचे टेबल भरलेले राहते त्यामागे गावोगावची नेत्रशिबिरे आहेत. आमचे विद्यार्थी टेबल पाठ करतात, शिबिराचे पान चाळून पुढे जातात.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ही समाजसेवा झाली, व्यवस्थापनशास्त्राला मोजमाप लागते. लागू द्या. पण मग काय मोजायचे ते आधी ठरवा. भारत वैद्य बाईने जुलाब लागलेल्या पोराला वेळेवर मीठ-साखरेचे पाणी पाजले, तर ते तालुक्याच्या दवाखान्यात येतच नाही. त्या महिन्यात बालरुग्ण विभागाच्या खाटा रिकाम्या राहतात, आणि खाटा किती भरल्या यावर गुण देणारा अहवाल त्या दवाखान्याला नापास करतो.