विमानाच्या रेट्याचे दिशानियंत्रण

एंजिनाचा झोत खाली वळवून विमानाला जागच्या जागी किंवा आखूड धावेने उडवण्याचे तंत्र. भारतात ते सी हॅरिअरने आणले. १९८३ मध्ये नौदलाची ही विमाने गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर आली.

त्यांच्या पेगॅसस एंजिनाला चार फिरती तोंडे होती: पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोहोंतून तप्त वायू. थ्रॉटलशेजारचा दांडा वैमानिकाने डाव्या हाताने मागे ओढला की चारही तोंडे एकदम खाली वळत. ती काटकोनापेक्षा थोडी जास्तच फिरत, त्यामुळे हवेतही वेग आवरता येई. तरंगताना सुकाणूवरून वारा वाहत नाही. म्हणून एंजिनातली दाबाची हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून सोडून तोल सांभाळत. हे काम अत्यंत कसबाचे.

सरळ वर उडायचे तर इंधन व शस्त्रे कमी न्यावी लागत. म्हणून ‘विराट’ या विमानवाहू नौकेच्या १२ अंशी चढावरून विमान धावत उडे, परतताना मात्र उभेच उतरे. तंत्राचा खरा फायदा इथेच होता.

नाशिकजवळ ओझरला बनलेल्या सुखोई-३० एमकेआयचे झोतही वळतात, पण चपळाईसाठी.

सी हॅरिअर ११ मे २०१६ रोजी दाबोळीत निवृत्त झाले.