श्राव्यातीत ध्वनी आणि दुधाचे मोल : बारामती-इंदापूरच्या संदर्भात

द्रवात काय मिसळलेले आहे हे त्यातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून ओळखता येते, ही कल्पना प्रयोगशाळेतून खेड्यातील दूध संकलन केंद्रापर्यंत येऊन पोचली. तिचा इतिहास हा केवळ उपकरणांचा इतिहास नव्हे. माप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

१८२६ साली कोलादाँ व स्तुर्म यांनी जिनीव्हा सरोवरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर असल्याचे मोजले. त्यांना पाण्याची संपीड्यता पडताळून पाहावयाची होती. कारण द्रवातील ध्वनीचा वेग त्याची घनता व संपीड्यता यांवरच ठरतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी लांझव्हँ यांनी क्वार्ट्झच्या साहाय्याने श्राव्यातीत तरंग निर्माण केले. १९२७ च्या सुमारास हबर्ड व लूमिस यांनी द्रवांसाठी व्यतिकरणमापक सिद्ध केला. १९३५ पासून बंगलोर येथे रामन व नागेंद्रनाथ यांनी अशा तरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाची उपपत्ती मांडली. पुढे १९४७ मध्ये युरिक यांनी निलंबित कणांच्या मिश्रणातील वेगावरून त्या कणांची संपीड्यता काढून दाखविली. तरंगलांबीच्या मानाने कण फार सूक्ष्म असले म्हणजे मिश्रण एकजिनसी द्रवाप्रमाणे वागते, हे या रीतीचे मर्म होय.

दूध हे असेच एक मिश्रण आहे. त्यातील स्निग्ध गोलकांचा व्यास सामान्यतः काही मायक्रॉन असतो, तर दहा लाख आवर्तनांच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी सुमारे दीड मिलिमीटर भरते. तापमान वाढले की पाण्यातील वेग सुमारे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत वाढत जातो. स्निग्ध पदार्थातील वेग मात्र घटतो. म्हणून दोन भिन्न तापमानांना वेग मोजला असता स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ ही दोन अज्ञाते वेगळी करता येतात. गर्बर यांच्या १८९१ च्या पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल लागे. येथे आम्लाचे काम उरले नाही.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत या मापाला विशेष अर्थ आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतलेल्या नीरा डाव्या कालव्याने या अवर्षणप्रवण भागात उसाबरोबर हिरवा चाराही आणला. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला. त्यामुळे जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना दुधाचा ‘पगार’ हा उसाच्या बिलाहून अधिक नियमित आधार झाला. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असलेल्या गाईच्या दुधास लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरविला. यंत्रावरील दशांशाचा एक अंकही त्यामुळे उत्पन्नावर परिणाम करू शकतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. यंत्र स्निग्धांश मोजीत नाही. ते वेग मोजते आणि आधी भरलेल्या प्रमाणांकनावरून स्निग्धांशाचे अनुमान करते. गाय व म्हैस यांच्या दुधासाठी निराळे प्रमाणांकन लागते. नुकत्याच काढलेल्या दुधातील हवेचे बुडबुडे संपीड्यता एकदम बदलतात आणि अंक चुकतो. उलट पक्षी, साखर किंवा मीठ विरघळविल्यास घन पदार्थ अधिक असल्याचा भास होतो. याचा अर्थ, भेसळीची शंका निवारण्यास वेगळी रासायनिक परीक्षाच हवी.

लॅक्टोमीटरची ‘डिग्री’ उत्पादक डोळ्यांनी वाचू शकत असे. श्राव्यातीत यंत्राने माप जलद केले. तथापि ते वाचण्याचे ज्ञान केंद्राच्या बाजूस राहिले. जिनीव्हाच्या सरोवरात शास्त्रज्ञांनी संपीड्यतेचे दुसरे मोजमाप हाताशी ठेवून पडताळा घेतला होता. तोच नियम संकलन केंद्रावर लागू करणे, म्हणजे उत्पादकासमक्ष ज्ञात नमुन्याने यंत्र वेळोवेळी तपासणे, हे विज्ञानाचे आणि न्यायाचेही मागणे आहे.