खोडाखोड नसलेली वही : फंक्शनल प्रोग्रामिंग धंद्यात कसे आले

मोंढ्यातल्या अडत दुकानाची जुनी कीर्द आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सोयाबीनचा आकडा चुकला तर जाणता मुनीम तो खोडत नाही, खाली उलट नोंद घालतो. जुना आकडा तसाच राहतो, म्हणून चूक कुठे झाली ते पुढे सापडते. आज आपण ज्याचा इतिहास पाहतोय, त्याच्या मुळाशी हीच शिस्त आहे.

संगणकाची नेहमीची रीत पाटीसारखी असते. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणते, शक्यतो पुसू नका. जुन्या किमतीवरून नवी काढा, आणि तेच दिले तर तेच उत्तर येऊ द्या. ही कल्पना आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या अंगणातली बरं का! तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस मांडले, तेव्हा आजच्यासारखा संगणक नव्हताच. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्पचे काम सुरू केले. फोरट्रान घडवणारे जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात पुसापुशीच्या रीतीवरच टीका केली.

मग कंपन्यांनी ती लगेच का उचलली नाही? इथे आपण स्वीडनच्या एरिक्सनकडे वळू. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून चालत नाही. एक कॉल बिघडला तरी बाकीचे हजारो चालू राहिले पाहिजेत. या गरजेतून १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी अर्लांग ही भाषा घडवायला घेतली. तिच्यात प्रत्येक काम वेगळ्या खोलीत चालते. कुणी कुणाच्या वहीत लिहीत नाही, फक्त निरोप पाठवतात. एरिक्सनच्या एएक्सडी ३०१ या मोठ्या स्विचमध्ये दहा लाखांहून अधिक ओळी अर्लांगच्या होत्या.

आणि गंमत बघा. १९९८ मध्ये कंपनीच्याच एका विभागाने नव्या उत्पादनांसाठी अर्लांगवर बंदी घातली! भाषा वाईट म्हणून नव्हे. घरची भाषा म्हणजे तिची निगा कायम आपल्याच खर्चाने. जगभर चालणाऱ्या भाषेचा फायदा मिळत नाही. हिशेब अगदीच चुकीचा होता, असे आपल्याला म्हणता येणार नाही. त्याच वर्षअखेरीस भाषा सर्वांसाठी खुली झाली आणि आर्मस्ट्राँग व बरेच सहकारी बाहेर पडले. २००४ मध्ये ते एरिक्सनमध्ये परतले.

पुढे २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सअॅपने सर्व्हरसाठी हीच भाषा घेतली. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी घेण्याचे जाहीर केले तेव्हा वापरणारे सुमारे ४५ कोटी होते आणि कर्मचारी पन्नासच्या आसपास. लोह्याहून पुण्याला गेलेल्या पोराचा निरोप आईला मिळतो, त्यामागे ही नाकारलेली भाषा आहे. त्याच वर्षी जावाच्या आठव्या आवृत्तीतही लॅम्डा आले, म्हणजे चर्च यांचे अक्षर थेट नोकरीच्या बाजारात पोचले.

यातून आपण काय घ्यायचे? बरोबर कल्पना केवळ बरोबर आहे म्हणून धंदा ती घेत नाही. बिघाड महाग पडला पाहिजे आणि ती जाणणारी माणसे मिळाली पाहिजेत. आपली मुले विचारतात, सर, जाहिरातीत मागतात तेवढेच शिकू का? ते शिकाच, पोटाचा प्रश्न आहे. पण जाहिरातीतली भाषा दहा वर्षांत बदलेल. न खोडता हिशेब मांडण्याची सवय मात्र प्रत्येक भाषेत कामाला येईल.