ग्रुपवर भांडण लावणारा आणि अफवा टाकणारा : कुणाला कसं आवरायचं?

डहाणू / तलासरी : पाड्यापाड्यात आता व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. ग्रामपंचायतीचा, बचत गटाचा, शाळेतल्या पालकांचा, क्रिकेट टीमचा. त्यात सगळ्यांच्या डोक्याला ताप देणारा एखादा असतोच. त्याला सरळ काढून टाकावं का? तो नेमकं काय करतो, त्यावर हे ठरतं.

टोमणे मारणाऱ्याला, भांडण उकरून काढणाऱ्याला ग्रुपवर उत्तर देऊ नये. त्याला तेच हवं असतं. ॲडमिनने फोन करावा, नाहीतर तो ज्याचं ऐकतो त्या काका-मामाकडून सांगावं. समोरासमोरचा शब्द लवकर लागतो. तरी थांबला नाही तर सेटिंगमध्ये जाऊन काही तास फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील असं करावं. काढून टाकणं शेवटी.

अफवा टाकणाऱ्याचं उलट. तिथे गप्प बसलं की लोकांना ते खरंच वाटतं. एप्रिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरतात, असे मेसेज पसरले होते. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. शंभरावर लोकांना अटक झाली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथेही मुलं पळवण्याच्या अफवेतूनच पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला होता.

म्हणून असा मेसेज दिसला की त्याच ग्रुपवर लगेच विचारावं : कुठे, कधी, कुणी स्वतः पाहिलं? मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. पोलीस पाटलाला किंवा ११२ वर फोन करून खात्री करावी आणि काय कळलं ते ग्रुपवर टाकावं. वारली बोलीत व्हॉइस मेसेज टाकला तर आणखी चांगलं, लांब मजकूर बरेच जण वाचतच नाहीत. पाठवणाऱ्याला मात्र शिव्या घालू नयेत. बहुतेकांनी तो भीतीपोटीच पुढे ढकललेला असतो, आणि अपमान झाला की माणूस खोट्यालाच धरून बसतो. ॲडमिनने स्क्रीनशॉट ठेवून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करावा. तोच माणूस मुद्दाम पुन्हा टाकत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जावं. बाईमाणसाचे फोटो फिरवणं, धमक्या देणं यात समजावत बसू नये, थेट तक्रार द्यावी.

पण रोजगार हमीची मजुरी का अडकली, नळाला पाणी का नाही, असं विचारणारा त्रासदायक नव्हे. कुणाला तो नकोसा वाटला तरी. २०१२ मध्ये पालघरमध्येच एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं.

ॲडमिनला आणखी एक धास्ती असते : दुसऱ्याने काही टाकलं तर केस माझ्यावर होईल का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की त्यात ॲडमिनचा स्वतःचा हात नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टचा गुन्हा त्याच्यावर येत नाही.